पिपरटोल्याची राहिलेली कुस्ती

माणसानं राग किती दिवस धरावा? पिपरटोल्यातली शहाणी माणसं सांगत, धान खळ्यावर आलं की भांडणं विसरावी. सांगायला काय जातं हो! ज्याचं जळतं त्याला कळतं. पोचू रामटेकेनं बावीस वर्षं राग धरला आणि एक दिवसही तो शिळा होऊ दिला नाही. सकाळी जोर मारताना त्याला तो आठवायचा, खाणीत उतरताना आठवायचा, जेवताना घास तोंडाशी नेताना आठवायचा. दुसरे लोक देवाचं नाव घेतात. हा गुणवंतरावाचं घ्यायचा.

आणि पोचू म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हता बरं का. गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायचा होता, पार सिरोंच्यापासून वरोऱ्यापर्यंत एकच चांदा जिल्हा होता, तेव्हा हौशी कुस्तीत त्यानं पाच वेळा पहिला नंबर काढला. हौशी कुस्ती म्हणजे गादीवरची. तिथं वजन करतात, पंच शिट्टी वाजवतो, आणि कोणी कोणाची जात विचारत नाही. दिवसा चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत काम, संध्याकाळी तालीम. गावोगावच्या दंगलींची बोलावणी यायची, इनामं लागायची, पण हा पठ्ठ्या कुठं गेला नाही. लोक म्हणत, येडा हाय लेकाचा, घरी आलेली लक्ष्मी लाथाडून राह्यला.

तालमीच्या भिंतीवर एका जर्मन पहिलवानाचं चित्र डकवलेलं होतं. फार जुनं, कुठल्याशा मासिकातून कापलेलं. झुपकेदार मिशा, छातीवर हाताची घडी. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण खालचा कागद वाळवीनं खाल्ला होता. लटारू वस्ताद नव्या पोरांना सांगे, "हा गडी दिवसभर भट्टीवर घन मारे नं संध्याकाळी कुस्ती खेळे. पैशासाठी कधी खेळला नाई." एखादं पोरगं विचारी, मग कशासाठी खेळला जी? वस्ताद म्हणे, "ते त्याचं त्याले मालूम." वस्तादाला ही गोष्ट कुठून कळली देव जाणे. पण पोचूला ती फार आवडायची. आपण कशासाठी खेळतो ते त्याला चांगलं मालूम होतं.

झालं होतं असं. एकसष्ट साल. दिवाळी सरली, धान कापायला आलं, पिपरटोल्याची मंडई भरली. झाडीपट्टीत मंडई म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दिवसा जत्रा आणि दंगल, रात्री नाटक, घरोघरी लेकी-जावई. पिपरटोल्याच्या दंगलीचा एक कायदा होता, आजोबा-पणजोबांपासूनचा. ज्या पहिलवानाला कुस्ती पाहिजे त्यानं लंगोट कसून मातीत उतरायचं, शड्डू ठोकायचा आणि उजवा हात पुढं करून आखाड्याची फेरी मारायची. मातीत उतरून जो तो हात हातात घेईल, त्याच्याशी कुस्ती ठरली. मग मागे हटणं नाही. ताप असो, पाय मोडलेला असो, हात दिला की लढायचं. पंच दादाजी चौधरी तर म्हणायचे, लग्न मोडन, पण मातीतला हात मोडणार नाई.

पोचू तेव्हा एकोणीस वर्षांचा. लहानपणापासून चामोर्शीला मामाकडे वाढलेला, वैनगंगेच्या वाळूत कुस्ती शिकलेला. त्या वर्षीच गावी परतला होता. गावात त्याला ओळखणारी माणसं थोडी. मिसरूड फुटलेला, उंचापुरा, काळा कुळकुळीत गडी मातीत उतरला, फेरी मारू लागला, आणि मालगुजाराचा मुलगा गुणवंतराव मातीत उडी टाकून आला. गुणवंतराव तेव्हा पंचविशीचा, गावचा एक नंबरचा पहिलवान. त्यानं पोचूचा हात धरला. हलगी कडाडली. लोक उभे राहिले. पोचूला वाटलं, आपल्या छातीतच हलगी वाजते आहे.

तेवढ्यात कोणी तरी ओरडलं, "अरे, हा तं वारल्याचा पोट्टा!"

गुणवंतरावानं हात असा टाकला की जणू इंगळ पकडला होता. पोचूकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. वस्तीतली माणसं लांब, चिंचेखाली उभी होती. तिकडं तोंड करून तो ओरडला, "ए वारल्या! फावडा आण. पोट्ट्यानं माती नासवली. तू उपस."

वारलू म्हणजे पोचूचा बाप. पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन पांढऱ्या कपड्यांत दीक्षा घेऊन आलेला. आल्याबरोबर त्यानं घरातली हलगी फोडून चुलीत घातली होती. मेलेलं ढोर ओढणं बंद, पाटलाच्या दारचं शिळं मागणं बंद, कोणापुढं वाकणं बंद. वस्तीत सगळ्यात ताठ चालणारा माणूस. पण वस्तीची सगळी घरं मालगुजाराच्या जागेवर होती. वारलूनं एकदा त्या घरांकडं पाहिलं, फावडा आणला, टोपलं आणलं आणि आखाड्याची माती उपसायला लागला. दुपारभर उपसली. जत्रा जिलेबी खात बघत होती. पोचू धावून गेला तेव्हा बापानं मान वर न करता म्हटलं, "तू हालू नको. तुले माही शपथ हाय." दादाजी पंच बाजूला उभे होते. कायदा सांगणारं ते तोंड त्या दिवशी शिवलेलं राहिलं. नवी माती पडली, तिच्यावर गुणवंतराव दुसऱ्या कोणाशी तरी खेळला आणि जिंकला.

त्यानंतर वारलूनं मंडईत पाय ठेवला नाही. त्या दिवसाबद्दल घरात तो कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता, रडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर पोचूचं थोडं तरी निवलं असतं. बाप गप्प राहिला आणि मुलाच्या पोटात ते सगळं पेटत राहिलं. गुणवंतराव आणि आपण, पिपरटोल्याच्या मातीत, सगळ्या गावासमोर, आणि बाप जिवंत असताना. एवढीच एक कुस्ती पोचूला पाहिजे होती. दर मंडईला तो येई, फेरी मारी; सरकारी कायद्याच्या भीतीनं आता त्याला कोणी उघड अडवत नसे. गुणवंतराव तोंड फिरवून पान खात बसे. दुसरा कोणी हात द्यायला आला तर पोचू हात मागे घेई आणि चंद्रपूरला निघून जाई.

अशी वर्षं गेली. गुणवंतरावाचं पोट सुटलं, अंगावर खादी आली, लोक त्याला भाऊसाहेब म्हणू लागले आणि आमदारकीच्या तिकिटाचे डोहाळे लागले. आता वस्तीतली मतं दिसायला लागली! माणूस गोगलगाय नि पोटात पाय. वस्तीत येऊन चहा काय प्यायला लागला, पोरांच्या डोक्यावरून हात काय फिरवायला लागला. त्र्याऐंशीच्या दिवाळीत म्हातारे दादाजी पंच चंद्रपूरला पोचूच्या खोलीवर आले.

"पोचू, औंदा मंडईत तुहा सत्कार करून राह्यले गुणवंतराव," ते खाली बघत म्हणाले. "जिल्ह्याचा चॅम्पियन, गावचं नाव केलं म्हणते. शाल हाय, ढाल हाय."

"येतो मी," पोचू म्हणाला.

त्याची बायको सुगंधा चुलीपाशी होती. तिच्या हातातली भाकर तव्यावर तशीच राहिली. दादाजी गेल्यावर ती म्हणाली, "तुमी इतक्या बिगीन हो म्हणले, म्हंजे तुमच्या मनात काई तरी शिजून राह्यलं. डॉक्टरनं मान सांभाळाले सांगतलं. चाळिशी ओलांडली आता. काय करणार तुमी?"

"सत्कार घेणार."

"मले शिकवता का? या घरात आली तवापासून त्या माणसाचं नाव आयकून राह्यली. सवत परवडली असती."

पोचू हसला. "बाबा थकला, सुगंधा. औंदा नाई तं कवा?"

मंडईला दोघं गावी, बापाच्या घरी आले, आणि तिनंच ट्रंकेतून लंगोट काढला, घडी उलगडून पाहिली आणि नवऱ्यापुढं ठेवला. तो त्यानं पायजम्याच्या आत कसला आणि वरून पांढरा सदरा घातला.

मंडई तुडुंब भरली होती. मूलपासून, चामोर्शीपासून माणसं आली होती. आखाड्याला लागून मंच, मंचावर खुर्च्या, आणि भोंग्याचं एक तोंड मुद्दाम वस्तीकडं केलेलं. भाऊसाहेबांचं भाषण तिकडं पोचलं पाहिजे ना! गुणवंतराव बोलले, आणि काय साखर पेरली हो! समता काय, बंधुभाव काय, पोचूभाऊ आमच्या गावचं भूषण काय. ऐकताना पोचूच्या दाढा एकमेकींवर घासत होत्या. घरी वारलू बाजेवर बसून हे सगळं ऐकत असेल, हे त्याला माहीत होतं.

शाल घेऊन गुणवंतराव उठले तसा पोचू हात जोडून म्हणाला, "भाऊसाहेब, मी पयलवान माणूस. मंचावरचा सत्कार माह्या अंगाले लागत नाई जी. मातीत घ्याना."

लोकांना ते आवडलं. टाळ्या पडल्या. चंद्रपूरहून आलेला फोटोवाला तर नाचायलाच लागला, मातीत फोटो झकास येईल म्हणून. गुणवंतराव बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, पण फोटो म्हटला की त्याची अक्कल गहाण पडत असे. त्यानं चपला काढल्या आणि आखाड्यात उतरला. पाठोपाठ माईकवाला माईक घेऊन कडेला आला. शाल पोचूच्या खांद्यावर पडली, ढाल हातात आली.

"हात मिळवा साहेब, हात मिळवा! इकडं पहा!" फोटोवाला ओरडला.

पोचूनं ढाल खाली ठेवली आणि उजवा हात पुढं केला. गुणवंतरावानं हसत हसत कॅमेऱ्याकडं बघत तो हातात घेतला.

फोटो निघाला. गुणवंतरावानं हात सोडवायला बघितलं. हात सुटेना. त्यानं पुन्हा ओढला. खाणीत घण मारणारा पंजा तो, सुटतो कशाला! गुणवंतरावानं मान वळवून पोचूच्या डोळ्यांत पाहिलं, मग पायाखालच्या मातीकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू वाळून गेलं.

"दादाजीभाऊ," पोचू मोठ्यानं म्हणाला, "भाऊसाहेबानं मातीत हात देल्ला. कुस्ती ठरली का नाई?"

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग समजलं, आणि मंडईत असा गलका उठला की पाळण्यावरची माणसं खाली उतरून धावत आली. दादाजी पंच काठी टेकत आखाड्याच्या कडेला आले. त्यांनी गुणवंतरावाकडं पाहिलं, पोचूकडं पाहिलं.

"ठरली," ते म्हणाले.

"अहो दादाजी, काय थट्टा करता!" गुणवंतराव म्हणाला. "हा सत्काराचा हात होता."

"मातीले तं हातच मालूम हाय, भाऊ. सत्कार मालूम नाई. एक डाव तुमी हात सोडला, नं मी गप्प बसलो. आता मी मराले टेकलो. दुसऱ्यांदा गप्प बसून कुठी जाऊ?"

लोक ओरडायला लागले, "होऊन जाऊ द्या! होऊन जाऊ द्या!" लोकांना काय, मंडईत फुकटचं नाटक. पण गुणवंतराव राजकारणी होता. त्याच्या डोक्यात चक्र फिरलं आणि चेहरा पुन्हा उजळला. त्यानं टोपी काढली, सदरा काढला, धोतराचा काचा मारला, लोकांना हात जोडले. पोचूनं सदरा-पायजमा उतरवला आणि शड्डू ठोकला. दोघं समोरासमोर आले. पोचूचा पंजा गुणवंतरावाच्या खांद्याला लागला न लागला, तोच भाऊसाहेब आपणहून मातीत उताणे पडले.

"घ्या!" पडल्या पडल्या ते हसून म्हणाले. "जिंकले आमचे पोचूभाऊ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा भाऊसाहेब! याले म्हणते मोठं मन!" फोटोवाल्यानं आणखी एक फोटो काढला. गुणवंतरावाला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

पोचू तसाच उभा राहिला. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. बावीस वर्षं! बावीस वर्षं उराशी जपलेली गोष्ट, आणि ह्या माणसानं ती पानाच्या पिचकारीसारखी थुंकून टाकली, वर टाळ्या घेतल्या! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, आत्ता याच्या नरडीवर पाय द्यावा. मग त्याला गादीवरची कुस्ती आठवली. जो लढत नाही त्याला तिथं पंच ताकीद देतो, उभा करतो, पुन्हा लढायला लावतो.

"दादाजीभाऊ," तो म्हणाला, "ही नुरा झाली."

नुरा म्हणजे ठरवून पडलेली, खोटी कुस्ती. झाडीपट्टीत माणूस एक वेळ दारूत पाणी चालवून घेईल, कुस्तीत नुरा नाही. गलका थांबला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचेच चेहरे पडले. खरंच की, ही कुस्ती कुठं झाली?

"नुरा," दादाजी म्हणाले. "कुस्ती परत."

पोचूनं गुणवंतरावाला काखेत धरून उभा केला. गुणवंतराव पुन्हा पडायला गेला, तर पोचूचा गुडघा त्याच्या पाठीखाली. इकडं कलंडला, तर इकडं दंड. गुडघे टेकायला गेला, तर कमरेला विळखा घालून पोचूनं त्याला परत सरळ केला. आजवर पहिलवान दुसऱ्याला पाडायला झटतात हेच लोकांनी पाहिलं होतं. हा पडू द्यायला तयार नव्हता! चालायला शिकणाऱ्या लेकराला आईनं धरावं तसा त्या ढेरपोट्या माणसाला तो मातीत उभा करत राहिला. कोणी तरी फिसकन हसलं. मग बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग सगळी मंडई हसायला लागली. गुणवंतरावाच्या प्रचाराला आलेली त्याची स्वतःची माणसंसुद्धा दात काढत होती.

"सोड ना बे," गुणवंतराव दातओठ खात कुजबुजला. "काय पायजे तुले? पोराले नोकरी लावून देतो."

"मले कुस्ती पायजे जी."

"पोचू, लोक हासून राह्यले."

"हासू द्या. तवा जिलेबी खाऊन राह्यले होते."

गुणवंतरावानं पुन्हा अंग टाकलं, पोचूनं पुन्हा उचललं. "लढा जी," तो त्याच्या कानात म्हणाला. "का आमाले शिवायचं नाई?"

एवढ्यावर त्या माणसाचा बांध फुटला. भाषण गेलं, तिकीट गेलं, बंधुभाव गेला. तोंड लाल, मानेच्या शिरा टरारलेल्या. त्यानं पोचूची जात काढली. नुसती काढली नाही, चार पिढ्यांसकट काढली. तुमी आमच्या उष्ट्यावर वाढलेले, तुह्या बापानं इथीच माती उपसली, आता तुह्याकडून उपसून घेतो, असं जे जे पोटात होतं ते सगळं तो बोंबलला. माईक कडेलाच होता. भोंग्यानं ते जसंच्या तसं मंडईला ऐकवलं, शेताशेतात ऐकवलं, वस्तीत घरोघरी ऐकवलं. वस्तीतली तरणी पोरं उठून धावली. पोचूनं डावा हात वर करून त्यांना जागीच थांबवलं.

आणि त्याला हसू आलं. हाच तो! बावीस वर्षांत पहिल्यांदा खरा गुणवंतराव समोर आला होता. "आता आला तू मातीत," तो म्हणाला. अहो-जाहो संपलं.

गुणवंतरावानं सगळा जोर लावून त्याच्या थोबाडीत मारायला हात उगारला. जुना पहिलवानच तो, हातात अजून ताकद होती, आणि ह्या वेळी काही नुरा नव्हतं. पोचूनं तोच हात हवेत धरला, गर्रकन वळून पाठ दिली, हात खांद्यावरून ओढला. धोबी जसा धुण्याचा पिळा दगडावर आपटतो तसे ते भाऊसाहेब त्याच्या डोक्यावरून जाऊन पाठीवर आदळले. जमीन हादरली. पोचूच्या मानेतून कळ गेली ती थेट टाचेपर्यंत. त्यानं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. तो गुणवंतरावाच्या छातीवर बसला आणि दोन्ही खांदे मातीला लावले.

"चीत!" दादाजी ओरडले. "चारी मुंड्या चीत!"

मंडईत कोणी टाळी वाजवली नाही. मघाचं बोलणं सगळ्यांच्या कानात होतं, आणि त्यातल्या कितीजणांच्या मनातही तेच असेल, कोणी सांगावं! पंचानं चीत म्हटलं की उठायचं असतं. पोचू उठला नाही.

"दादाजीभाऊ, माईक आना."

माईकवाला हलेना. मग दादाजीनंच त्याच्या हातातून माईक ओढून घेतला, काठी टाकून दिली आणि गुडघ्यांवर बसून तो गुणवंतरावाच्या तोंडाशी धरला.

"बोल. काय झालं?" पोचू म्हणाला.

गुणवंतरावाला श्वास घेणं कठीण झालं होतं. तो इकडंतिकडं बघत होता. मंचावरचं कोणी खाली उतरलं नाही. "चीत झालो," तो अखेर पुटपुटला, आणि भोंगा ते शब्द घेऊन गावभर गेला.

"कोनं केलं?"

"पोचूनं."

"गावात दोन-तीन पोचू हायत. कोनता?"

"वारल्याचा."

पोचूनं गुडघ्याचा भार थोडा वाढवला. "आयकू नाई आलं. कोनाचा?"

गुणवंतरावाच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखण्याचं की शरमेचं, ते त्याचं त्याला ठाऊक. तोंडात माती गेली होती. तो खोकला, थुंकला आणि म्हणाला, "वारलूजी रामटेकेचा."

तेव्हा कुठं पोचू उठला. त्यानं कपडे काखेत मारले. शाल आणि ढाल तिथंच मातीत पडून राहिली, त्यांच्याकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही. गर्दीनं वाट दिली. मान एका बाजूला धरून तो वस्तीकडं चालत गेला आणि चालताना त्याला इतकं बरं वाटत होतं की रस्त्यातल्या कुत्र्यालासुद्धा त्यानं नमस्कार केला असता.

घरासमोर सुगंधा उभी होती. तिनं त्याची वाकडी मान पाहिली, कपाळावर हात मारला आणि तेल गरम करायला आत गेली. वारलू अंगणात बाजेवर बसून अंबाडीची दोरी वळत होता. पोचू त्याच्या पायाशी जमिनीवर बसला.

"आयकलं मी," दोरी वळता वळता म्हातारा म्हणाला. "माहं नाव दोनदा घेतलं त्यानं."

"हो बाबा."

"पयल्यांदा वारल्या म्हणला."

"हो."

"दुसऱ्यांदा तू म्हणायले लावलं."

"हो."

वारलूनं दोरीला पीळ दिला. "मंग पयल्यांदाचंच खरं, बाबू. त्याच्या मनात मी वारल्याच हावो. तू छातीवर बसला म्हणून तो वारलूजी म्हणला. उठला तसा परत वारल्याच म्हणत असंन. मन थोडीच बदललं त्याचं?"

पोचूनं बापाकडं पाहिलं. बावीस वर्षांत बाप पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल बोलत होता.

"त्याचं मन मले कवाच नोको होतं, बाबा," तो म्हणाला. "मन सडू दे त्याचं. मले त्याचं तोंड पायजे होतं. त्या दिवशी तुले हाक त्यानं तोंडानंच मारली होती ना?"

वारलूचे हात थांबले. दोरी मांडीवरून घसरून खाली पडली. त्याची हनुवटी हलायला लागली, आणि पोचूला वाटलं, आता हा रडतो. पण म्हातारा हसला. आधी नाकातून, मग छातीतून, मग खोकला येईस्तोवर. सुगंधा तेलाची वाटी घेऊन धावत बाहेर आली.

"पोरी," वारलू डोळे पुसत तिला म्हणाला, "तेल मंग लाव. आधी याले जेवाले वाढ. नं मलेही वाढ थोडंसं."